नवं प्रसारणमाध्यम रुजतं ते दर्जामुळे की संख्येमुळे?

खर्जातला सा

मी ध्वनिमुद्रण आणि मिश्रणाचं काम करतो. सध्या ज्या मंडळींबरोबर काम करतोय तिथे डिजिटल रेडिओचा एक नवा मल्टिप्लेक्स (एकाच पट्ट्यातून एकत्र जाणाऱ्या अनेक केंद्रांचा गठ्ठा) कसा भरायचा यावर खडाजंगी चालू आहे. पुढच्या बैठकीत मला बाजू मांडायची आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो.

गणित असं. डीएबी प्लस ही डीएबी या डिजिटल रेडिओ पद्धतीची सुधारित आवृत्ती. तिच्या एका मल्टिप्लेक्सला १.५३६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. त्रुटिसुधारणेचा नेहमीचा भाग वजा केला की सेकंदाला साधारण ११५२ किलोबिट हाती उरतात. त्यात ९६ किलोबिटची १२ केंद्रं बसतात, किंवा ४८ किलोबिटची २४. विक्री बघणाऱ्यांना अर्थातच २४ हवीत. त्यांचं म्हणणं, नवा रेडिओ संच विकत घ्यायला लोकांना काहीतरी कारण लागतं आणि "दुप्पट केंद्रं" हे कारण एका ओळीत सांगता येतं. "आवाज चांगला आहे" हे सांगून कुणी दुकानाची पायरी चढत नाही.

मला ४८ नको आहे, कारण त्यावर काय होतं ते मी रोज ऐकतो. एवढ्या कमी बिटांत एन्कोडर (आवाज दाबून बिटांत बदलणारं यंत्र) डावा-उजवा असे दोन आवाज पाठवतच नाही. एकच आवाज जातो आणि त्याच्यासोबत तो दोन्हीकडे कसा पसरवायचा याची थोडीशी माहिती. वरच्या पट्टीतले स्वरही खरे जात नाहीत, ते खालच्या स्वरांवरून संचातच पुन्हा रचले जातात. बातम्या, गप्पा यांना हे चालून जातं. पण मैफलीच्या शेवटी टाळ्या पडल्या की एकेक टाळी वेगळी ऐकू येत नाही, सगळ्यांची मिळून एक सलग फसफस होते. सभागृह किती मोठं होतं, माणसं कुठे बसली होती, हे टाळ्यांवरून कळतं, ते सगळं पुसलं जातं. ते टिपायला आम्ही मायक्रोफोन कुठे लावायचे यावर तासन्‌तास घालवलेले असतात.

अडचण ही की इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो असं दिसतं. सीडीचा दर सेकंदाला १४११ किलोबिट, १२८ किलोबिटच्या एमपी३ चा त्याच्या अकराव्या हिश्श्याइतका. १९९९ मध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आली, २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. दोन्ही सीडीपेक्षा सरस. लोक नेमके त्याच काळात एमपी३ कडे गेले. मग दर्जा कधीच जिंकत नाही का? की मी चुकीचं उदाहरण धरून बसलोय?

रिळांची पेटी

उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून निघणारा अर्थ अर्धाच.

घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या दोन पद्धती घ्या, बीटामॅक्स १९७५ ची, व्हीएचएस १९७६ ची. बीटाचं चित्र थोडं चांगलं होतं म्हणतात, आणि होतंही, पण घरच्या टीव्हीवर तो फरक शोधावा लागायचा. न शोधता दिसणारी गोष्ट होती वेळ. सुरुवातीच्या बीटाच्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. म्हणजे एका कॅसेटवर अख्खा सिनेमा. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार तासांची सोय आली, कारण तिथे अख्खा फुटबॉल सामना एका कॅसेटवर हवा होता. चार तासांसाठी चित्र आणखी खराब करावं लागलं आणि ते चाललं.

आता त्याच काळातली लेझरडिस्क, म्हणजे सिनेमाची मोठी तबकडी, बघा. १९७८ ची. चित्र व्हीएचएसपेक्षा इतकं स्वच्छ की लहान मुलालाही कळावं. पण बाजूला जास्तीत जास्त एक तास, मध्ये उठून तबकडी उलटायची आणि घरी मुद्रण करता येत नाही. शौकिनांच्या कपाटाबाहेर ती फारशी आलीच नाही. माझ्याकडे आहेत थोड्या, अजून लावतो. रंग बघत राहावं असे आहेत.

मग १९९६ मध्ये डीव्हीडी आली आणि बघता बघता सगळीकडे पसरली. चित्र चांगलं होतंच. पण गुंडाळावी लागत नाही, हव्या त्या प्रसंगावर थेट जाता येतं, झिजत नाही, जागा कमी लागते. दर्जा सोयीच्या पाठीवर बसून आला. सीडीचंही तसंच, एलपीच्या बाजूला वीस-बावीस मिनिटं, सीडीवर सलग ७४. एसएसीडीने असं नवीन काय दिलं? ज्याला सीडीचा काहीच त्रास नव्हता त्याला "त्रास आणखी कमी" विकायला निघाले.

तर तुमच्या बैठकीत सांगा की दर्जा जिंकतो, पण जुन्या माध्यमात माणसाला खुपणारं काहीतरी असेल तेव्हा. श्रोत्याला एफएममध्ये काय खुपतंय ते आधी शोधा.

उंच मनोरा

मी निवृत्त आहे, आयुष्य प्रक्षेपकांजवळ गेलं. रिळांची पेटी यांच्याशी सहमत, पण कॅसेट आणि तबकडीचा न्याय प्रसारणाला जसाच्या तसा लागू होत नाही. तबकडी निवडणारा स्वतःच्या पैशाने निवडतो. प्रसारणात पट्टा ठरलेला असतो आणि त्याचं काय करायचं हे कुणीतरी वर बसून ठरवतं. म्हणून मी तीन जुनी प्रकरणं मांडतो.

पहिलं एफएमचं. एफएमचा शोध लावणाऱ्या आर्मस्ट्राँगला पेटंट मिळाली ती १९३३ मध्ये. आवाजाचा दर्जा तेव्हापासून एएमच्या कितीतरी पुढे होता, खरखर नाही, वीज कडाडली तरी फरक नाही. पण रुजायला दशकं गेली. १९४५ मध्ये अमेरिकेत एफएमचा पट्टाच हलवला गेला आणि आधी विकलेले संच निरुपयोगी झाले, हे एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एफएमवर बहुतेक तेच वाजत होतं जे एएमवर वाजत होतं. १९६१ मध्ये स्टिरिओ आला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या नियामकाने मोठ्या शहरांत निम्म्याहून जास्त वेळ एएमचाच कार्यक्रम एफएमवर लावायला मनाई केली. केंद्रचालकांनी खूप कुरकुर केली, कारण आता नवं काहीतरी लावणं भाग होतं. मग त्यांनी लांबलचक गाणी, अख्खे आल्बम, एएमवर कुणी लावत नव्हतं ते लावलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एफएमचे श्रोते एएमच्या पुढे गेले. दर्जा तीस वर्षं दारात उभा होता, त्याला आत घेतलं ते वेगळ्या कार्यक्रमांनी. पण एकदा आत आल्यावर संगीत एएमकडे परत गेलं नाही, हेही विसरू नका.

दुसरं, जमिनीवरून होणारं डिजिटल टीव्ही प्रसारण. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये सुरुवात केली ती दर्जावर भर देऊन. हाय डेफिनिशनचे वर्षाला १०४० तास दाखवायची सक्ती आणि व्यावसायिक वाहिन्यांना जादा वाहिन्या काढायला बरीच वर्षं बंदी. लोक थंड राहिले. तेच कार्यक्रम जास्त बारीक दिसण्यासाठी महागडा संच कोण घेणार? २००९ पासून जादा वाहिन्यांना मोकळीक मिळत गेली. ब्रिटनने उलटं केलं. ऑक्टोबर २००२ मध्ये फ्रीव्ह्यू आलं, साध्या दर्जाच्या सुमारे ३० वाहिन्या, मासिक शुल्क नाही, एक स्वस्त डबा लावायचा. ते झपाट्याने पसरलं.

हे प्रकरण संख्येचा विजय म्हणून सगळे सांगतात. त्यातला एक तपशील मात्र क्वचितच कुणी सांगतं. फ्रीव्ह्यूच्या आधी त्याच मनोऱ्यांवरून सशुल्क सेवा चालत होती आणि ती बुडाली होती. लोकांची मोठी तक्रार होती की चित्र अडकतं, तुकडे तुकडे होतात. फ्रीव्ह्यू सुरू करताना काही मल्टिप्लेक्स ६४-क्यूएएम या दाट पण नाजूक सिग्नलवरून १६-क्यूएएम या विरळ पण दणकट सिग्नलवर आणले. म्हणजे सेकंदाला २४ मेगाबिटवरून १८ वर. पाव भाग क्षमता मुद्दाम सोडून दिली, वाहिन्या कमी बसल्या, पण साध्या अँटेनावर चित्र टिकलं. माझ्या मते हा त्या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय होता. सामान्य माणसाच्या लेखी दर्जाची पहिली पायरी "तुटत नाही" ही असते. बारकावे त्यानंतर.

तिसरं प्रकरण तुमच्याच क्षेत्रातलं आहे, ते सावकाश लिहितो. आत्ता उठायला हवं.

तीनच बटणं

मी तंत्रज्ञ नाही, फक्त ऐकते. दिवसभर रेडिओ चालू असतो. २४ केंद्रं आहेत हे ऐकून मी संच घेईनही, पण महिन्याभरात तीनवर येईन, सगळेच येतात. त्यामुळे मला २४ आणि १२ मध्ये फरक नाही. फरक आहे तो त्या तीनांतलं एक तरी दुसरीकडे मिळत नाही यात.

बीबीसीचं ६ म्युझिक हे केंद्र २००२ मध्ये फक्त डिजिटलवर सुरू झालं. २०१० मध्ये ते बंद करायचा प्रस्ताव आला तेव्हा श्रोत्यांनी असा काही आवाज उठवला की त्याच वर्षी तो फेटाळावा लागला. "इतकी केंद्रं आहेत, एक गेलं तर काय" असं कुणी म्हटलं नाही. त्या श्रोत्यांना ते एकच हवं होतं. संख्या मोजणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

उंच मनोरा

तीनच बटणं, नेमकं बोललात. माझ्या तिसऱ्या प्रकरणात हेच येतं.

बीबीसीने डीएबी सुरू केलं १९९५ मध्ये. तेव्हाचा कोडेक (आवाज दाबायची आणि उलगडायची पद्धत) एमपीईजी लेयर २, त्याला संगीतासाठी निदान १९२ किलोबिट तरी हवेत. सुरुवातीला जाहिरात व्हायची ती सीडीसारख्या आवाजाची. मग केंद्रं वाढत गेली आणि प्रत्येक नवीन केंद्राची जागा आधीच्यांच्या बिटांतून कापून काढली गेली. बहुतेक संगीत केंद्रं १२८ वर आली, काही तर मोनो झाली, म्हणजे डावा-उजवा भेदच उरला नाही. चांगला सिग्नल असेल तिथे जुनं एफएम नव्या डिजिटलपेक्षा छान ऐकू येतं, ही तक्रार वर्षानुवर्षं चालली आणि ती खरी होती. तरीही संच खपले, कारण नवीन केंद्रं होती. म्हणजे तुमच्या विक्रीवाल्यांचं निरीक्षण चुकीचं नाही.

पण त्यातला धोका त्यांना दिसत नाही. काढून घेतलेले बिट परत मिळत नाहीत. एकदा २४ जणांशी करार झाला की उद्या कुणाला हटवून इतरांचा आवाज सुधारणार? पुढे डीएबी प्लस आलं, त्याचा कोडेक कितीतरी कार्यक्षम आहे. आवाज सुधारायची ती संधी होती. बऱ्याच ठिकाणी झालेली बचत आणखी केंद्रं घुसवण्यातच गेली.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं, त्यावेळीही सांगितलं गेलं ते एफएमवर देशभर ५ केंद्रं आणि डीएबीवर २० हून जास्त. पण तिथे जुनं बंदच झाल्यामुळे लोकांना जावं लागलं, तेव्हा ते उदाहरण तुमच्या वादात कुणी आणलं तर मान्य करू नका.

खर्जातला सा

मनोराकाका, सगळ्यांचेच आभार. फ्रीव्ह्यूची १६-क्यूएएमची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती, ती बैठकीत मांडणारच.

तुमचं वाचल्यावर १२ की २४ हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि सगळ्यांना सारखे बिट द्यायची गरज काय, असा विचार केला. संगीताची ५ केंद्रं ११२ वर म्हणजे ५६०. गाणी आणि बोलणं मिसळलेली ६ केंद्रं ७२ वर म्हणजे ४३२. फक्त बोलण्याची ४, मोनो, ४० वर म्हणजे १६०. बेरीज बरोबर ११५२. एकूण १५ केंद्रं. शिवाय माझी अट अशी राहील की यातली निदान ५ एफएमवर अजिबात नसलेली हवीत. तीनच बटणं यांच्या म्हणण्याप्रमाणे, संच घ्यायचं कारण तेच असेल.

जे संगीत आम्ही इतक्या कष्टाने टिपतो ते निदान पाच ठिकाणी तरी धड पोचावं, यासाठी मी भांडायला तयार आहे. ही वाटणी टिकेल का?

उंच मनोरा

वाटणी चांगली आहे. दोन दुरुस्त्या.

सगळे ११५२ पहिल्याच दिवशी वाटू नका. ७२ वाली दोन केंद्रं मागे ठेवा, १४४ किलोबिट मोकळे राहतील. डीएबीमध्ये चालू प्रसारणात वाटणी बदलता येते, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी मैफलीचं थेट प्रक्षेपण असेल तर त्या केंद्राला तेवढ्यापुरते जादा बिट देता येतील. ही जागा "रिकामी" म्हणून कागदावर दिसली तर कुणीतरी विकून टाकेल, म्हणून तिला पहिल्यापासून नाव द्या, "थेट मैफल" वगैरे.

दुसरं, बैठकीत बोलण्याऐवजी ऐकवा. तेच मुद्रण ४८ वर आणि ११२ वर, कोणतं कुठलं ते न सांगता. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर नको, छोट्या रेडिओवर आणि गाडीत ऐकवा, कारण श्रोता तिथेच असतो. टाळ्यांचा तुकडा घ्याच. बोलण्याचाही घ्या, कारण मोनो ४० वर बोलणं स्वच्छ ऐकू आलं की विक्रीवाल्यांनाही त्यांच्या बाजूचं काहीतरी मिळेल आणि ते तुमचं ऐकून घेतील.

आणि केंद्रांच्या संग्रहात गाणी कोणत्या स्वरूपात आहेत ते आजच तपासा. आधीच १२८ च्या एमपी३ मध्ये दाबलेल्या फाइली पुन्हा एन्कोडरमधून गेल्या की पहिल्या कोडेकची खोट दुसरा आणखी फुगवतो. मग ११२ देऊनही आवाज ४८ सारखाच येतो आणि दोष तुमच्या वाटणीवर येतो. मूळ मुद्रणं न दाबलेली मिळत असतील तर तीच मागवा, प्रसारण सुरू होण्याआधी.