प्रति: कन्स्ट्रक्टर इंजेक्शन की फील्ड इंजेक्शन?

स्प्रिंगमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) एका क्लासला लागणारे दुसरे क्लास कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, देता येतात किंवा थेट फील्डवर (क्लासमधल्या व्हेरिएबलवर) ऑटोवायर्ड ही खूण लावून. कन्स्ट्रक्टरमध्ये सात-आठ पॅरामीटर आले की कोड गचाळ दिसतो, त्यापेक्षा फील्डवर ऑटोवायर्ड लावलेलं बरं, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं पटलं नाही. इतकं सगळं लागणारा तो क्लासच गचाळ असतो. फील्डमुळे ते नुसतं झाकलं जातं.

सर्क्युलर डिपेंडन्सीचा (दोन क्लासना एकमेकांची गरज असण्याचा) मुद्दा मात्र कुणी काढला नाही. स्प्रिंग बूट २.६ पासून (२०२१) ती बाय डिफॉल्ट चालत नाही. आमच्या गोरेगावच्या ऑफिसात जुनं बिलिंग ॲप अपग्रेड केलं, तर ते सुरूच होईना. इन्व्हॉइस सर्व्हिसला पेमेंट सर्व्हिस हवी, पेमेंटला इन्व्हॉइस! फील्ड इंजेक्शन होतं म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन असतं तर ॲप पहिल्याच दिवशी अडलं असतं. अशी डिपेंडन्सी चालू देणारी सेटिंगमधली प्रॉपर्टी ट्रू करून वेळ मारून नेता येते (मॅनेजर तेच सुचवणार), पण आम्ही दोन्ही सर्व्हिसना लागणारा हिशेब तिसऱ्या क्लासमध्ये हलवला.