मदत हवी आहे : पक्ष मोजताना युती एक धरायची की वेगवेगळी?

एम.ए. राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र द्विपक्षीय की बहुपक्षीय, हे आकड्यांनी दाखवायचंय. लाक्सो-तागेपेरा यांचं १९७९ चं सूत्र घेतलंय: प्रत्येक पक्षाच्या जागांचा वाटा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज घेऊन १ ला तिने भागायचं. येणारा आकडा म्हणजे 'परिणामकारक पक्षसंख्या'.

२०१९ ची विधानसभा घेतली. २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. पक्ष सुटे धरले तर उत्तर ४.३ च्या आसपास. निवडणुकीतली युती (भाजप-शिवसेना) एक आणि आघाडी (काँग्रेस-राष्ट्रवादी) एक धरली की तेच २.३! म्हणजे एका वहीत बहुपक्षीय, दुसरीत जवळजवळ द्विपक्षीय. त्यात निकालानंतर महिनाभरात शिवसेना पलीकडे गेली, मग कुठली जुळणी खरी मानायची?

अपक्ष १३ होते. ते एकत्र धरून पाहिले, एकेकटे धरूनही पाहिले. फारसा फरक पडत नाही, तेव्हा तो सल्ला नको. सर म्हणाले, "दोन्ही लिही." पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कारण विचारणारच.

पुढे हेच मराठवाड्याच्या ४६ जागांसाठी करायचंय. एकेकाळी कंधारला केशवराव धोंडग्यांचा शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) होता, तसे एखाद-दुसऱ्या तालुक्यातच जोर असलेले पक्ष राज्याच्या बेरजेत दिसतच नाहीत.

एक्सेल येतं, इंग्रजी संदर्भही चालतील. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: युती एक धरायला अभ्यासक कोणती कसोटी लावतात, जागावाटप, समान चिन्ह की निकालानंतरचं सरकार? आणि विभागापुरतं मोजताना जागा घ्यायच्या की मतं?