पोलो जीटी ट्रॅकसाठी: आहेत ते शॉक रीव्हॅल्व्ह करू की सरळ कॉइलओव्हर किट घेऊ?

वारजे_टीएसआय

नमस्कार मंडळी. पोलो जीटी टीएसआय आहे, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग टाकलेत पण शॉक कंपनीचेच ठेवलेत. गाडी रोज वारजे ते हिंजवडी जाते आणि अधूनमधून ट्रॅक डेसाठी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नाहीतर चेन्नईला नेतो, ट्रेलर वगैरे काही नाही, हजार-बाराशे किलोमीटर चालवतच जायचं आणि चालवतच परत यायचं.

ट्रॅकवर त्रास असा की वळणात शिरताना गाडी छान वळते, पण मध्यावर पोचलो आणि वजन पूर्ण बाहेरच्या चाकावर आलं की पुढचं टोक अचानक सरळ पळायला लागतं, स्टिअरिंग कितीही फिरवा. आणि जरा उंचसखल भाग लागला की गाडी एकदा खाली बसून दोन-तीनदा नाचते, मग शांत होते. पुढचे टायर बाहेरच्या कडेला खाल्लेत, आतली बाजू जवळजवळ नवीच दिसतेय.

बजेट दीड-दोन लाख. एक जण म्हणतो ३२ क्लिकवालं (नॉब फिरवून ३२ टप्प्यांत कडक-मऊ करता येणारं) कॉइलओव्हर किट, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकचा संच, घे आणि विषय संपव. दुसरा म्हणतो भोसरीत शॉक उघडून आतलं व्हॉल्व्हिंग (तेल अडवणाऱ्या झडपा) बदलून मिळतं, म्हणजेच रीव्हॅल्व्ह, ते कर. मला क्लिकचं कौतुक नाही, गाडी नीट चालायला हवी आणि पाठीचा कणा पण शाबूत राहायला हवा कारण आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. कुठून सुरुवात करू?

कारी_रेग्युलर

टायर कुठले आणि कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) किती आहे ते आधी सांग भावा. बाहेरची कडा खाल्लीय म्हणजे कॅम्बर कंपनीच्या सेटिंगलाच असणार. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचा ट्रॅक, वळणामागून वळण, तिथे पुढच्या बाहेरच्या टायरला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. पुढे कॅम्बर प्लेट (शॉकचं वरचं टोक आत सरकवणारी) टाकून उणे अडीच डिग्री, म्हणजे चाकाची वरची बाजू आत, कर, टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) झीरो ठेव, अर्धी तक्रार तिथेच जाईल. दोन लाखातला थोडाच भाग लागेल.

शिम_स्टॅक

चाकणला डॅम्परच्या, म्हणजे शॉकच्या, कामातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा आला तर माफ करा पण हा विषय अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

वारजे, तुमची दोन लक्षणं दोन वेगळ्या कारणांची आहेत, ती एकत्र करू नका.

वळणाच्या मध्यावर गाडी अचानक सरळ पळते ते बहुतेक बंप स्टॉपमुळे, म्हणजे शॉक पूर्ण दबला की जिथे टेकतो त्या रबरामुळे. लोअरिंग स्प्रिंगने गाडी ३०-४० एमएम खाली आली, पण शॉकची लांबी तीच, म्हणजे खाली बसायला जो प्रवास होता त्यातला तेवढा प्रवास गाडी उभी असतानाच संपलाय. वळणात गाडी कलली की बाहेरचा पुढचा शॉक बंप स्टॉपवर टेकतो आणि त्या क्षणी त्या कोपऱ्याची स्प्रिंग एकदम कितीतरी पट कडक होते. पुढचा रोल रेझिस्टन्स (कलण्याला होणारा विरोध) असा अचानक वाढला की पुढच्या बाहेरच्या टायरवर जादा वजन जातं आणि तो ग्रिप सोडतो. वळताना आधी छान वाटतं आणि मग धोका देते ती याच्यामुळे. त्यात मॅकफर्सन स्ट्रटची गाडी (शॉकच चाकाला वरून धरतो ती, पोलोसारखी) खाली बसवली की खालचा आर्म आडवा होऊन उलटा चढायला लागतो, मग गाडी कलताना मिळायला हवा तो कॅम्बर मिळत नाहीच, उलट कमी होतो. शिवाय रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे खाली बसवलेली गाडी कधी कधी जास्तच कलते. दिसायला भारी, चालायला वाईट.

खात्री करायची तर एक पैशाचं काम आहे. पुढच्या शॉकचं रबरी बूट वर सरकवा, रॉडवर एक झिप टाय घट्ट बसवा, खाली शॉकच्या अंगाला टेकवून, बूट परत लावा आणि रोजच्या रस्त्यावर चालवा. परत उघडून बघा झिप टाय कुठवर सरकलाय. बंप स्टॉपपर्यंत गेला असेल तर उत्तर मिळालं.

दुसरं लक्षण, दोन-तीनदा नाचणं, ते डॅम्पिंग कमी पडल्याचं. स्प्रिंग कडक केली आणि शॉक तोच ठेवला तर डॅम्पिंग रेशो (स्प्रिंगच्या मानाने शॉक किती आवरतो) स्प्रिंगच्या वर्गमुळाने घसरतो. ३० टक्के कडक स्प्रिंग म्हणजे रेशो सुमारे १२ टक्के कमी, दुप्पट कडक केली तर जवळजवळ ३० टक्के कमी. त्यात शॉक जुने, म्हणजे मुळातच थकलेले.

आता आकडे. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन ३०० किलो धरू, गोल आकडा बरा पडतो. कंपनीची गाडी साधारण १.३ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे स्प्रिंगवर सेकंदाला तितक्या वेळा वर-खाली होते, त्याला चाकापाशी २० न्यूटन प्रति एमएम लागतात. रस्त्यावरच्या टायरवर ट्रॅक करायचा तर २ हर्ट्झ हा पुण्यातल्या माणसाला सोसवेल असा वरचा टप्पा. २ हर्ट्झला लागतात ४७. वारंवारता दीडपट केली की स्प्रिंग सव्वादोनपट, हे लक्षात ठेवा, कारण लोक "थोडी कडक" म्हणतात आणि वारंवारतेत फरक शेंगदाण्याएवढा पडतो. स्ट्रटचं लीव्हरेज (चाक हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग हलते) ०.९५ धरलं तर प्रत्यक्ष स्प्रिंग ५२-५३ ची घ्यावी लागेल. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा बसतो, दोघांचं लीव्हरेज वेगळं, ते मोजल्याशिवाय आकडा सांगणार नाही. पण मागची वारंवारता पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, २.१-२.२. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर, मागचं जरा लवकर हललं की दोन्ही टोकं एकत्र शांत होतात.

या स्प्रिंगला क्रिटिकल डॅम्पिंग (गाडी एकदाही न डोलता थांबेल एवढं) येतं सुमारे ७५०० न्यूटन सेकंद प्रति मीटर. ट्रॅकसाठी हळू वेगाला, म्हणजे गाडीचं अंग कलतं-डुलतं त्या वेगाला, त्याच्या ६५ टक्के धरा. ०.१ मीटर प्रति सेकंदाला रीबाउंड (शॉक लांबताना) आणि कंप्रेशनची (दबताना) सरासरी साधारण ४९० न्यूटन. रीबाउंड जास्त, कंप्रेशन कमी. आणि खड्ड्यात पिस्टन त्याच्या कितीतरी पट वेगाने पळतो, तिथे वेगानुसार बलाचा ग्राफ आडवा व्हायला हवा, सरळ वर चढत गेला तर बाणेर-पाषाण लिंक रोडवर दात हलतील. यालाच डिग्रेसिव्ह म्हणतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच की किट घ्या नाहीतर रीव्हॅल्व्ह करा, विकणाऱ्याला पहिला प्रश्न क्लिक किती हा नको. स्प्रिंग किती आणि डॅम्परचा डायनो ग्राफ (शॉक यंत्रावर हलवून मोजलेला) दाखवा, हा विचारा. ग्राफ नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. ३२ क्लिकमधल्या सुरुवातीच्या वीस क्लिकला काहीच बदलत नाही असे शॉक मी डायनोवर बघितलेत, आणि डावा-उजवा एकाच क्लिकवर एकमेकांपासून लांब असलेलेही.

भोसरी_लेथ

वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलंय. रीव्हॅल्व्हबद्दल थोडं माझ्याकडून, आमचं कामच हे.

कंपनीचा शॉक वरून रोल करून कायमचा बंद केलेला असतो, तो उघडायचा म्हणजे कापायचा. कापून वर आटे पाडून टोपण बसवता येतं, लेथवर ते अवघड नाही. पण आतली ट्यूब घासलेली असेल तर नवीन सील टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यात तेल गळायला लागतं. रॉडवर नखाला लागेल एवढा जरी ओरखडा असेल तरी तो रॉड बाद. आणि मुख्य म्हणजे तुमची अडचण लांबीची आहे, आतलं व्हॉल्व्हिंग बदलून लांबी बदलत नाही. गाडी खालीच ठेवायची तर बॉडी छोटी हवी.

खरी मजा मोनोट्यूबला (एकाच नळीच्या शॉकला) आहे, ज्याला खालून-वरून खोलता येतं आणि नायट्रोजन भरायला व्हॉल्व्ह असतो. पिस्टनवर पातळ चकत्यांची चळत असते, त्याच शिम. ०.१ ची चकती आणि ०.२ ची चकती, जाडी दुप्पट पण कडकपणा आठपट, जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे एक चकती इकडची तिकडे झाली की शॉकचा स्वभाव बदलतो, आणि म्हणून हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे जाऊ नका. प्रत्येक शॉकची चळत कागदावर लिहून मागा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी उघडला तरी कळतं आत काय आहे.

गॅसचा दाब कमी ठेवून मऊ करतो असं कुणी सांगितलं तर पळून या. दाब तेल फेसाळू नये म्हणून असतो. तो कमी केला की ट्रॅकवर तेल तापल्यावर पिस्टनमागे पोकळी तयार होते आणि रीबाउंडची सुरुवात पोकळ लागते. मोनोट्यूबमध्ये तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असतं म्हणून उष्णता पटकन बाहेर जाते, जुळ्या ट्यूबवाल्यात मधे आणखी एक थर आहे.

पुढे उलटा बसणारा मोनोट्यूब घेतलात तर बुश आणि ग्रीसकडे लक्ष ठेवा. आडवा भार सोसायला तो उत्तम, पण पुण्यातली बांधकामांची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल सील ओलांडून आत गेला की बुश खुळखुळायला लागतात, आणि लोक उगाच टॉप माउंट बदलत बसतात.

नियमावर_बोट

मधेच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्यावर बंधन आहे. रोजची गाडी आहे म्हणून फार खाली बसवू नका, जुने शॉक-स्प्रिंग फेकू नका, आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी विचारून ठेवा. क्लेमच्या वेळी हा विषय निघालेला फार वाईट.

वारजे_टीएसआय

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. झिप टाय लावला. ट्रॅक सोडाच हो, नुसतं वारजे-हिंजवडी करून उघडलं तर तो बंप स्टॉपमध्ये घुसून बसला होता. म्हणजे रोजच मी रबरावर गाडी चालवतोय.

ठरवलंय की छोट्या बॉडीचे, उघडता येणारे मोनोट्यूब घ्यायचे, पुढे ५० ची स्प्रिंग, गाडी कंपनीपेक्षा १५-२० एमएमच खाली. कॅम्बर प्लेटही. आता विचारायचं ते हे की बसवल्यावर कुठल्या क्रमाने सेट करू? आणि मागे जादा अँटी-रोल बार (गाडी कलू न देणारा आडवा दांडा) टाकायला सांगतायत, तो लगेच टाकू का?

शिम_स्टॅक

चांगला निर्णय. १५-२० पुरे, ट्रॅकवर तेवढ्याने काही कमी पडत नाही.

मागचा बार आत्ता नको. गाडीची पुढची बाजू बंप स्टॉपवरून उतरली आणि कॅम्बर मिळाला की अंडरस्टिअर (वळताना पुढचं टोक सरळ पळणं) किती उरतो ते आधी बघा. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, मागून कडक केली की वळते छान, पण पावसात खंबाटकीच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मागचं टोक सुटायला बघतं. तुम्ही याच गाडीने घाट उतरणार आहात हे विसरू नका.

क्रम असा ठेवा. आधी उंची, मग चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन), सीटवर तुमच्या वजनाएवढी पोती नाहीतर तुम्ही स्वतः बसून, टाकी अर्धी. एक कर्ण आणि दुसरा कर्ण जितके ५० टक्क्यांजवळ येतील तितकं डावं-उजवं वळण सारखं वाटेल. जमीन सपाट नसेल तर हे सगळं वाया, काट्यांखाली फरशीचे तुकडे सरकवून लेव्हल करा. त्यानंतरच अलाइनमेंट, कारण उंची हलवली की टो हलतोच. अलाइनमेंट आधी करून मग उंची फिरवणारे बरेच आहेत, पैसे दोनदा जातात.

क्लिक बसवताना नेहमी पूर्ण बंद करून तिथून मागे मोजा. कंप्रेशन पूर्ण मऊ, रीबाउंड मधोमध. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन गाडी खड्ड्यानंतर एकदाच वर येऊन थांबेपर्यंत रीबाउंड थोडं थोडं वाढवा. लागोपाठच्या लाटांवर गाडी खाली खाली बसत चालली तर रीबाउंड जास्त झालंय, चाक परत खाली यायच्या आत पुढची लाट येतेय. मग कंप्रेशन, तेही ट्रॅकवर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

कारी_रेग्युलर

माझं एक. टायरचं तापमान सुई टोचायच्या पायरोमीटरने घे, लांबून लेझर मारायच्याने नको, पिटमध्ये येईपर्यंत वरचा थर थंड झालेला असतो आणि आकडा फसवतो. आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा डिग्री गरम आली की कॅम्बर जमला. बाहेरची गरम आली तर अजून अर्धा डिग्री घे. मधली दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे, ती आधी सोड आणि परत मोज, त्याच्याआधी शॉकच्या नॉबला हात लावू नको.

भोसरी_लेथ

शॉक आले की बसवायच्या आधी चारही डायनोवर लावून घ्या, बसवल्यावर परत काढायचा त्रास कुणी करत नाही. पुढचे दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून बघायचे, जोडी जुळत नसेल तर तिथेच परत द्यायचे. ग्राफ इकडे टाका, साहेब पण बघतील, मी पण बघतो.