थर्मोस्टॅट का पुरत नाही

दादा, तुम्ही विचारलंत, अल्ट्रासाऊंडने कॅन्सरची गाठ गरमच करायची तर थर्मोस्टॅटसारखं चालू-बंद केलं की झालं, पुढचा अंदाज बांधणारं गणित कशाला?

आमच्या रावेरकडची केळी बघा. मोटर एक, व्हॉल्व्ह चार, आणि लाइटीचा काही नेम नाही. एका भागाचं ठिबक चालू, तोवर बाकीचे तहानलेले. पान मलूल दिसल्यावर पळणारा उशिराच पोचतो. जाणता माणूस कुठला तुकडा आधी सुकेल ते धरून पाळी लावतो.

केंद्रित अल्ट्रासाऊंडचं, म्हणजे एका ठिपक्यावर एकवटलेल्या ध्वनिलहरींचं, तसंच. तापणारा ठिपका काही मिलिमीटरचा, गाठ बहुधा मोठी. ठिपका जवळच्या जवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झटकन सरकतो. लांब न्यायचा तर आख्खं ट्रान्सड्युसर (लहरी सोडणारं यंत्र) हलवायचं, आणि तेवढा वेळ सहसा तापवणं बंद. इकडे रक्त उष्णता वाहून नेतच असतं. म्हणून संगणक, रक्त किती उष्णता नेतं ते धरणाऱ्या पेन्स या संशोधकाच्या १९४८ च्या समीकरणासारख्या मॉडेलवर पुढचा थोडा काळ चालवून बघतो, मग पुढची जागा ठरवतो. एमआरआयवर नवं तापमान आलं की हिशोब परत पहिल्यापासून.

एवढा काटेकोरपणा का? ४३ अंशांना १ तासात जो परिणाम, तो ४४ ला अर्ध्या तासात; ४२ ला मात्र साधारण ४ तास लागतात.

आणि ते ‘जळगावच्या मे महिन्यात हा उपचार उन्हातच फुकट होईल’ असं लिहिणाऱ्या भाऊंना: उन्हात शरीर घाम गाळून आतलं तापमान ३७ च्या आसपासच धरतं. शिवाय हा उपचार बहुतेक वेळा रेडिएशन किंवा केमोच्या जोडीला देतात, त्यांच्याऐवजी नाही.