पूरपट्ट्यातल्या गावांचे रस्ते उंच करायचे की नाही?

सांगलीवाडीकर:
सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. पण नदीकाठच्या गावांचं दळणवळण त्याच्या आधीच तुटतं. सांगली बंधारा बुडतो, आमणापूरचा पूल बुडतो, ओढ्यांना फुग येते म्हणजे नदीचं पाणी उलटं ओढ्यात चढतं, आणि गावात पाणी शिरायच्या आधीच गावाचा रस्ता जातो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत ५४ च्या पुढं. दुधाचे कॅन भरून ठेवले तरी डेअरीची गाडी येणार कुठनं? दूध नासतं, आणि म्हशीची धार तर दोन्ही वेळ काढावीच लागते. डायलिसिसच्या पेशंटला मिरजेला न्यायचं म्हटलं तर ट्रॅक्टर मिळेल का, यावर सगळं. प्रत्येक गावाचा एक तरी रस्ता २०१९ च्या पातळीच्या वर उचला. खर्च होऊ दे.

हरिपूरची लेक:
दादा, उचलायचा म्हणजे मुरूम टाकून भरावच ना? तो आडवा बांधच झाला. कृष्णेला इथं उतार कमी, त्यात हरिपूरला वारणा येऊन मिळते. पात्राबाहेर पडलेलं पाणी शेतातनं, ओढ्यातनं पसरत पुढं जातं. ती वाट अडवली की रस्त्याच्या वरच्या अंगाची घरं बुडणार आणि पाणी ओसरायलाही वेळ लागणार. तुमची गाडी चालू राहावी म्हणून आम्ही माळ्यावर बसायचं का?

भिलवडीकर:
मग होडीची वाट बघत बसायचं? ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून माणसं गेली. रस्ता असता तर ती वेळ आली असती का?

हरिपूरची लेक:
हा दाखला मला पटत नाही. रस्ता कितीही उंच केला तरी घरापासून रस्त्यापर्यंत पाणीच असतं. तिथली माणसं पाणी चढल्यावर, खच्चून भरलेल्या बोटीतनं निघाली. कोयनेचा विसर्ग वाढला की कळतं, आणि ते पाणी इथवर यायला वेळ लागतो. त्या वेळात म्हातारी माणसं, गरोदर बाया, पेशंट बाहेर काढा. गावात चांगली यांत्रिक बोट, लाईफ जॅकेट आणि शिकलेली पोरं ठेवा. भरावाच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

आष्ट्याचा सिव्हिलवाला:
भराव नको हे पटलं, रस्ताच नको हे नाही पटलं. बोटीतनं माणूस निघेल. दूध, गॅस, औषधं, जनावरांची वैरण रोज कशी ने-आण करणार? १९२९ चा आयर्विन बघा, कमानींखालनं नदीला वाट ठेवलीय. तसं जिथं ओढा किंवा पुराची जुनी वाट आहे तेवढा तुकडा खांबांवर घ्या. नळ्यांच्या मोरीवर भागवू नका. पुरात उसाचं पाचट, केंदाळ येऊन तोंडाला बसतं आणि मोरी असून नसल्यासारखी होते.

सांगलीवाडीकर:
खांबांना माझी हरकत नाही. भीती एवढीच की पैसे नाहीत म्हणून काम वर्षानुवर्षं लोंबकळेल आणि शेवटी भरावच पडेल. म्हणून मोरीऐवजी पूल ही अट टेंडरमध्येच पाहिजे. पहिलं काम दवाखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याचं.

हरिपूरची लेक:
अट लेखी असेल तर माझा विरोध नाही. पण आखणी करताना २०१९ ला पाणी कुठनं कुठं गेलं ते गावकऱ्यांना बरोबर घेऊन चालत बघा. नुसत्या आजच्या ओढ्यांवर जाऊ नका, कितीतरी ओढे बुजवून प्लॉट पाडलेत.