सीबॅप: बाबोक दोनदा वाचलं, तरी मॉकचे गुण हलत नाहीत

शाईपेन

नमस्कार. नऊ वर्षं विमा दाव्यांच्या प्रणालींवर बिझनेस अॅनालिस्ट म्हणून काम करते आहे. सीबॅप या बिझनेस अॅनालिसिसच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अर्ज मंजूर झाला तेव्हा वाटलं होतं की अवघड भाग संपला. कामाच्या अनुभवाच्या ७५०० तासांचा हिशेब मांडायलाच तीन रविवार गेले होते. त्यातही सहापैकी चार नॉलेज एरियात (कामाच्या विषयविभागांत) प्रत्येकी ९०० तास दाखवायचे, म्हणून जुनी टिपणं उकरून कुठलं काम कशात बसतं ते ठरवत बसले होते.

आता परीक्षेला सात आठवडे आहेत. परीक्षेचं आधारपुस्तक असलेल्या बाबोकची तिसरी आवृत्ती दोनदा वाचून झाली. रोज पहाटे पाच ते सात बसते, कारण घर जागं झालं की वाचन होत नाही. तरी मॉकमध्ये (सराव परीक्षेत) साठ ते पासष्ट टक्क्यांच्या पुढे जात नाही. चुका बहुतेक एकाच जातीच्या आहेत: ‘अॅनालिस्टने यानंतर काय करावं?’

कालचंच उदाहरण. दावे विभाग आणि लेखा विभाग यांच्या वेगवेगळ्या मुलाखती झाल्या आहेत आणि एका नियमाबद्दल दोघांनी परस्परविरोधी माहिती दिली आहे. अजून काहीच लिहून झालेलं नाही. मी ‘प्रायोजकाकडे निर्णयासाठी न्यावं’ निवडलं. उत्तर होतं ‘कन्फर्म एलिसिटेशन रिझल्ट्स’, म्हणजे मिळालेली माहिती आधी पडताळून पाहणं. ऑफिसात मी खरोखर प्रायोजकाकडेच गेले असते, म्हणून हे उत्तर मनाला पटत नाही.

तिसऱ्यांदा वाचू का? की बाबोकमधल्या सगळ्या टास्कचे (कामांचे) इनपुट-आउटपुट पाठ करायला घेऊ? ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांनी कृपया सांगा.

उंबरठा

शाईपेन, तुमच्या उदाहरणाची शेवटची ओळ वाचली आणि थांबले. ‘मनाला पटत नाही’, अडचण तिथेच आहे.

मी पहिल्या प्रयत्नात नापास झाले होते. निकालासोबत नॉलेज एरियानुसार कामगिरी कळते. मी सगळ्यात कच्ची निघाले ती रिक्वायरमेंट्स अॅनालिसिस अँड डिझाइन डेफिनिशनमध्ये (गरजा तपासून उपाय मांडण्यात), म्हणजे जे काम मी अकरा वर्षं रोज केलं त्यातच. आठवडाभर फार वाईट वाटत होतं. मग लक्षात आलं की आमच्याकडे एकच कागद, एकच बैठक आणि एकच साइन-ऑफ असायचा. तपासणी (व्हेरिफाय), खातरजमा (व्हॅलिडेट) आणि मंजुरी (अप्रूव्ह) ही तिन्ही कामं मी एका दुपारी उरकत आले होते. बाबोक ती वेगळी काढतं, आणि परीक्षा नेमकी त्यांच्यामधल्या फटीत प्रश्न ठेवते.

तिसऱ्यांदा सलग वाचू नका. मी जे केलं ते सांगते. स्वतःच्या प्रकल्पातली एकच रिक्वायरमेंट (प्रणालीकडून काय हवं ते सांगणारं वाक्य) घेतली आणि ती लांब कागदावर टास्कमागून टास्क चालवत नेली. माझी होती दवाखान्याच्या अपॉइंटमेंट प्रणालीतली: ‘अपॉइंटमेंट रद्द झाल्यास रुग्णाला लगेच कळावं.’

व्हेरिफायपाशी ती अडली. ‘लगेच’ म्हणजे किती? त्याची चाचणी कशी घेणार? ‘दोन मिनिटांच्या आत संदेश जावा’ असं केल्यावर वाक्य सुटलं. मग ते व्हॅलिडेटपाशी आणलं, आणि तिथे माझे डोळे उघडले. बदलाचं उद्दिष्ट होतं डॉक्टरांच्या रिकाम्या जाणाऱ्या वेळा कमी करणं. ज्याची अपॉइंटमेंट रद्द झाली त्याला दोन मिनिटांत कळवून रिकामी वेळ भरत नाही. कळवायला हवं होतं प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या रुग्णाला. म्हणजे वाक्य लिहिलेलं उत्तम होतं आणि उद्दिष्टाच्या काही कामाचं नव्हतं. व्हेरिफाय आणि व्हॅलिडेट यांच्या व्याख्या मी वीस वेळा वाचल्या असतील, पण फरक त्या कागदावर कळला.

असं चालवत नेलं की इनपुट-आउटपुट वेगळे पाठ करावे लागत नाहीत. बाबोकमध्ये रिक्वायरमेंटला प्रत्येक टप्प्यावर एक अवस्था असते, ती कंसात लिहिलेली दिसते. तिच्याकडे बघा. अप्रूव्ह रिक्वायरमेंट्सला ‘व्हेरिफाइड’ लागते. डिफाइन डिझाइन ऑप्शन्सला ‘व्हॅलिडेटेड, प्रायोरिटाइज्ड’ लागते. का, असं स्वतःला विचारा. मंजुरी देणाऱ्यासमोर निदान नीट लिहिलेली, एकाच अर्थाची गोष्ट हवी. पर्याय मांडणाऱ्याला मात्र हिच्यातून मोल निघणार आहे का आणि आधी कुठली घ्यायची, हे ठाऊक हवं.

आता तुमचा कालचा प्रश्न. मुलाखती झाल्या, लिहिलेलं काही नाही. म्हणजे हातात आहे ती अनकन्फर्म्ड माहिती. दोन स्रोत एकमेकांशी ताडून पाहणं हा ‘कन्फर्म’ टास्कचाच भाग आहे. न ताडलेली माहिती प्रायोजकापुढे ठेवली तर तो कशावर निर्णय देणार? कदाचित दोन विभाग ‘मंजूर दावा’ हा शब्दच वेगळ्या अर्थाने वापरत असतील. ऑफिसात आपण थेट वर जातो कारण वेळ नसतो. परीक्षेतल्या अॅनालिस्टला वेळ असतो.

चुकांची वही ठेवा. योग्य उत्तर लिहू नका, ते पुस्तकात आहेच. चुकीचा पर्याय मला का आवडला, ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीत पानोपानी एकच कारण होतं: आमच्याकडे असंच करतात.

धुकं

उंबरठा यांच्याशी बराचसा सहमत, पण तीसही टास्क असे चालवत बसलात तर सात आठवडे पुरणार नाहीत. वजन बघून वेळ वाटा. रिक्वायरमेंट्स अॅनालिसिस अँड डिझाइन डेफिनिशनला ३० टक्के आहेत, म्हणजे १२० पैकी साधारण ३६ प्रश्न. बाकी पाच नॉलेज एरिया १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास. त्यांतले स्ट्रॅटेजी अॅनालिसिस (बदलाआधी गरज ओळखणं) आणि सोल्यूशन इव्हॅल्युएशन (चालू झाल्यावर उपयोग मोजणं) मात्र सोडू नका. आपल्यापैकी अनेकांना प्रकल्प सुरू झाल्यावर बोलावतात आणि चालू झाल्यावर पुढच्या कामाला पाठवतात, त्यामुळे ही दोन टोकं अनुभवात नसतात.

बाबोकमध्ये टेक्निक पन्नास आहेत. व्याख्या सोडा, जोड्या लावा: डिसिजन टेबल कधी आणि डिसिजन ट्री कधी, कन्सेप्ट मॉडेल कुठे आणि डेटा मॉडेल कुठे. मी चुकायचो ते असल्या सख्ख्या शेजाऱ्यांत.

आणि मॉक तुकड्यांत देऊ नका. साडेतीन तासांत १२० प्रश्न म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. केस स्टडीचा उतारा वाचण्याचा वेळही त्यातच. तिसऱ्या तासात माझं डोकं जड व्हायचं आणि मी प्रश्नातला ‘सर्वात आधी’ हा शब्दच गाळून वाचायचो. हे पूर्ण लांबीचे चार मॉक दिल्यावर कळलं.

उंबरठा

धुकं, बरोबर. तीसही करू नयेत. ज्या टास्कमध्ये चुका होतात तेवढ्यातूनच रिक्वायरमेंट न्यावी.

शाईपेन

दोघांचेही मनापासून आभार. चार पहाटा हेच केलं. माझी रिक्वायरमेंट: ‘जुन्या प्रणालीतले अर्धवट दावे नव्या प्रणालीत आणावेत आणि ते जुन्या क्रमांकाने शोधता यावेत.’ अनेक वर्षं मी हिला फंक्शनल (प्रणालीने काय करावं ते सांगणारी) म्हणत आले. कागदावर घेतल्यावर शंका आली की ही ट्रान्झिशन रिक्वायरमेंट (फक्त बदल होईपर्यंत लागणारी) तर नाही? पण शोधणं तर पुढेही लागणार. नक्की कुठे ठेवू?

उंबरठा

बदल पूर्ण झाल्यावरही ती लागणार आहे का, एवढंच विचारा. दावे एकदा आले की आणण्याची गरज संपते, म्हणून तो भाग ट्रान्झिशन. जुन्या क्रमांकाने शोधणं नवी प्रणाली चालू असेपर्यंत लागेल, म्हणून ते फंक्शनल. तुम्ही अडलात कारण एका वाक्यात दोन रिक्वायरमेंट आहेत. व्हेरिफाय करताना पाहायच्या गुणांत ‘अॅटॉमिक’ (एका वाक्यात एकच गरज) आहे ना, तो इथे मोडतो. वाक्य ‘आणि’पाशी तोडा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे पुढे न्या. दुसरा तुकडा व्हॅलिडेटपाशी आला की दावे विभागाला एकदा विचारा, जुना क्रमांक ग्राहकाकडे असतो की फक्त तुमच्या कर्मचाऱ्यांकडे.

शाईपेन

ग्राहकाकडे असतो. पोचपावतीवर छापलेला. आणि आमच्या दस्तऐवजात ग्राहकाच्या शोधाचा उल्लेखच नाही. परीक्षेचं राहू दे, हे मला आज सकाळीच टीमला सांगावं लागेल.