'कन्यापेशी' की 'जन्यपेशी'?

शाईपेन: कर्करोगाच्या रुग्णांसाठी एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. पेशी विभागून होणाऱ्या नव्या पेशीला, म्हणजे 'डॉटर सेल'ला, 'कन्यापेशी' लिहिलं. कच्चा मजकूर वाचायला दिला, तर स्तनाचा कर्करोग असलेल्या एका मावशींनी त्याच शब्दावर बोट ठेवलं. "म्हणजे हे माझ्या मुलीलाही होणार का गं?" आता तो शब्द ठेवायचा धीर होत नाही.

विज्ञानबाई: आम्ही दहावीला 'जन्यपेशी' शिकवतो. मुलं न अडखळता लिहितात.

शाईपेन: मुलं लिहितात हो. मावशींना 'जन्य' माहीत आहे तो 'संसर्गजन्य'मधला. कर्करोगाची लागण होते असं वाटलं तर घरचे त्यांचं ताट वेगळं काढतील.

कोकणमेवा: केळीच्या बुंध्याशी फुटतात ते मुनवे. 'मुनवापेशी' म्हणा की! मातीतला शब्द आहे.

विज्ञानबाई: मुनवा फुटला तरी मूळ केळ उभी असते. सूत्री विभाजनात, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतात तेव्हा, जुनी पेशी मागे उरतच नाही. माणसाच्या 46 गुणसूत्रांची (आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांची) प्रत काढून ती पेशी स्वतःच दोघींत वाटली जाते. मुनवा यीस्टच्या कलिकायनाला (कळी फुटून नवी पेशी होते त्याला) शोभेल.

वऱ्हाडी: माझं तर 'पेशी'पाशीच अडतं. आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. जमिनीच्या केसमध्ये "पेशी वाढली" ऐकतच लहानाचा मोठा झालो. हिंदीतली 'कोशिका' काय वाईट आहे?

जुनीवही: कोशिका कशाला? मांसपेशीतली पेशी मराठीनं 'सेल'साठी रुजवली, स्नायूला वेगळा शब्द ठेवला. आता ती आपलीच. आणि 'सूत्री' किती नेमका आहे बघा: जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी 1882 साली सूत्री विभाजनासाठी 'मायटोसिस' हा शब्द घडवला तो ग्रीक 'मितोस', म्हणजे दोरा, यावरून. सूत्र म्हणजे तोच दोरा. खटकतो तो अंडपेशी-शुक्रपेशी बनतानाच्या विभाजनाला म्हणतात तो 'अर्धसूत्री'. दोरा अर्धा होत नाही, संख्या 46 ची 23 होते.

विज्ञानबाई: म्हणूनच मी 'अर्धगुणसूत्री'च लिहायला लावते.

शाईपेन: सध्या "एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार" असं लिहिलंय. मावशींना ते लगेच कळलं. पण पुढे 'डॉटर सेल' एकटीच येते, तिथे काय करू?

वऱ्हाडी: 'गुणसूत्र' तरी कुठे बरोबर आहे? क्रोमोसोममधला 'क्रोमा' म्हणजे रंग. आमच्या जुन्या पुस्तकात 'रंगसूत्र' होतं, तेच खरं.

जुनीवही: रंग प्रयोगशाळेत चढवलेला असतो, गुण त्याचे स्वतःचे. 'गुणसूत्र'च हवं.